आधी पायडलं काढा

मुलांना सायकल शिकवायला लागणारं मुख्य हत्यार म्हणजे पंधरा नंबरचा पाना. त्याने दोन्ही पायडलं सोडवायची आणि पंधरा-वीस दिवस खणात ठेवून द्यायची. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं करा, तरी निम्मं काम झालं.

मला हे दुसऱ्या मुलाच्या वेळी सुचलं. थोरल्याच्या सायकलला मी बाजूची छोटी चाकं लावली होती. दीड वर्ष तो खडखडाट करत हिंडला आणि आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो की पोरगं सायकल शिकलं. मग एका रविवारी ती चाकं काढली. पहिल्याच वळणावर तो असा आडवा झाला, जणू आयुष्यात सायकल पाहिलीच नव्हती. पुढचे तीन आठवडे आधीचं शिकलेलं पुसण्यात गेले. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. बिघाड सापडत नसला की एकेक भाग बंद करत जायचा आणि फरक कुठे पडतो ते बघायचं, हे माझं रोजचं काम. तेच घरातल्या सायकलवर करून बघावं हे डोक्यात यायला मात्र धाकटी साडेपाच वर्षांची व्हावी लागली.

बाजूची चाकं नडतात ती अशी. दुचाकी वळते ती कलून. उजवीकडे वळायचं तर सायकल उजवीकडे कलावी लागते, आणि ती कलावी म्हणून आपण हँडल आधी अगदी निमिषभर डावीकडे नेतो. सायकल येणारा प्रत्येक माणूस हे करतो, विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. बाजूला चाकं असली की सायकल कलूच शकत नाही. ती तीनचाकी होते. तिथे जिकडे जायचं तिकडे सरळ हँडल फिरवायचं आणि अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. म्हणजे मूल दीड वर्ष नेमकं उलटं शिकतं. आमच्या धंद्यात याला नाव आहे: टेस्टिंग एका मशीनवर, प्रॉडक्शन (म्हणजे प्रत्यक्ष वापर) भलत्याच.

दुचाकी पडत नाही ती कशामुळे, यावर शाळेत आम्हाला एकच उत्तर होतं: फिरत्या भोवऱ्यासारखी चाकं तिला उभी ठेवतात. ते अपुरं आहे. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल या विद्यापीठांच्या संशोधकांनी भोवऱ्याचा तो परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेली एक बिनस्वाराची दुचाकी दाखवली. ढकलून दिली की तीही स्वतःचा तोल सावरत जायची. ज्या बाजूला पडायला लागते त्या बाजूला हँडल आपोआप वळणं, ही त्यातली कळीची गोष्ट. शिकणाऱ्या मुलाला हातांत हीच एक सवय बसवायची असते: झोक जाईल तिकडे हँडल, तेही चालत्या सायकलवर. पायडल मारणं हा वेगळा धडा आहे. दोन्ही एकदम शिकवले की कुठला धडा चुकतोय हे ना मुलाला कळतं ना आपल्याला.

आणि हे काही आजकालचं खूळ नव्हे. कार्ल ड्राइस या जर्मन माणसाने १८१७ साली मानहाइममध्ये जी पहिली दुचाकी चालवली तिला पायडल नव्हतंच. माणूस बसायचा आणि पायांनी जमीन मागे रेटायचा. पुढच्या चाकाला पायडल बसलं ते १८६०च्या दशकात, फ्रान्समध्ये. म्हणजे जवळपास अर्धं शतक मोठ्या माणसांची दुचाकीही बिनपायडलाचीच होती. आपल्या मुलाला तीन आठवडे तेवढीच द्यायची आहे.

सायकल हलकी आणि बुटकी करणं

आमच्याकडे सोळा इंची सायकल होती, थोरल्याची उतरलेली. प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा घरात होता, त्याला ती टांगली. ९.८ किलो. लेक १७ किलोची. माझं वजन साठ. त्याच प्रमाणात मला सायकल द्यायची तर ती पस्तीस किलोची भरेल, आणि मग म्हणायचं, चल, तोल सांभाळ! बाजूची चाकं त्यांच्या लोखंडी पट्ट्यांसकट काढली. कॅरियर, पुढची टोपली, स्टँड, पायडलं, सगळं उतरवलं. काटा ७.९ वर आला. धाकटीने टोपलीसाठी भोकाड पसरलं, पण तिला मी लेखी हमी दिली. (खरंच लेखी. तिला अजून नीट वाचता येत नाही, म्हणून चित्र काढून.)

चेनकव्हर मात्र काढू नका. पायजम्याचा काठ चेनमध्ये गेला की मूल पडतं ते थेट तोंडावर.

मग सीटची उंची. मुलाला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं करा, दोन पायांच्या मध्ये एक पुठ्ठ्याचं पुस्तक वर सरकवा, ते अडेल तिथे भिंतीवर खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं माप म्हणजे पायाची आतली उंची. लेकीची ४९ सेंटिमीटर भरली. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे बसल्यावर दोन्ही तळवे सपाट टेकतात आणि गुडघ्यात जराशी वाक राहते. नुसते चवडे टेकून भागत नाही. मोठ्या माणसाच्या सायकलची सीट पायडलाच्या हिशेबाने उंच ठेवतात, इथे सगळा हिशेब जमिनीचा. आमची सीट पार तळाला बसवल्यावर ४६ वर आली, जेमतेम जमलं. तुमची खाली येत नसेल तर ती सायकल अजून मोठी आहे, तिला वर्षभर थांबू द्या. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून एक नंबर मोठी सायकल घेणाऱ्यांना मी काही समजावू शकलेले नाही, पण शिकताना तरी लहानच बरी.

आता पायडलं. इथे माझी फजिती सांगायलाच हवी. आठ वर्षं मी सायकलने ऑफिसला जाते, अकरा किलोमीटर जाऊन अकरा येऊन, लॅपटॉप मागच्या पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या बाजूला टांगायच्या पिशवीत. पंक्चर काढते, चेन बदलते. उजवं पायडल अर्ध्या मिनिटात निघालं. डावं हलेना. तेल सोडलं, दहा मिनिटं थांबले, पान्यावर पाय देऊन उभी राहिले. तरी ढिम्म. नवऱ्याला हाक मारली, त्यानेही जोर लावला आणि पाना सटकून त्याची बोटं सोलवटली. तेवढ्यात थोरला वाकून म्हणाला, “आई, इथे एल लिहिलंय, त्याचा काही संबंध असेल का?”

होता. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवत मी ते वीस मिनिटं घट्ट करत होते. आटे उलटे ठेवण्याचं कारण असं की पायडल मारताना दांड्यावरचा दाब सतत फिरत राहतो आणि त्याने पायडलाची दांडी हळूहळू आट्यांत सरकत जाते. डावीकडे सरळ आटे ठेवले तर ते चालता चालता सैल होईल. लक्षात ठेवायला सोपं: पान्याचं टोक वरच्या बाजूला ठेवा आणि सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हाच नियम, एल-आर आठवायची गरज नाही. बसवताना उलट, पुढच्या चाकाकडे. काढलेली पायडलं पिशवीत घालून पिशवीवर तारीख लिहा, नाहीतर ती जुन्या चार्जरांच्या खणात अंतर्धान पावतात.

ब्रेक हा बहुतेक घरांत राहून जाणारा भाग. लहान मुलांच्या सायकलचे ब्रेक इतके कडक असतात की पाच वर्षांच्या बोटांना ते दाबवतच नाहीत. ब्रेकच्या दांडीच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. केबलला तेलाचा एक थेंब द्या. मुलाने दोन बोटांनी दाबल्यावर ढकललेली सायकल थांबली पाहिजे, हीच परीक्षा. मागच्या ब्रेकच्या दांडीला मी लाल टेप गुंडाळली. “आधी मागचा दाब” असं ओरडण्यापेक्षा “लाल!” हे तिला लवकर कळतं.

हवा टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका. आमच्या टायरवर ४० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) होतं, सतरा किलोच्या स्वाराला मी २५ ठेवली. टायर खडे गिळतो, हात कमी हादरतात.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाखाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढिलाई. जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, आतला फोम एकदाच दाबला जाण्यासाठी असतो.

जागा, वेळ आणि हात कुठे ठेवायचे

हिरवळ मऊ म्हणून सगळे तिकडे पळतात. हिरवळीवर चाक अडतं, वेग येत नाही आणि वेग नसला की तोल नसतो. रिकामी, गुळगुळीत, अगदी किंचित उताराची जागा शोधा. उतार किती? सायकल सोडून दिली तर माणसाच्या चालीने गेली पाहिजे आणि खाली सपाटीवर आपली आपण थांबली पाहिजे. पंचवीस-तीस मीटर लांबी पुष्कळ.

वेळ वीस मिनिटं. त्याहून जास्त नाही. आमची वेळ सकाळी ठरली, स्टँडअपच्या (ऑफिसच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या) आधीची, त्यामुळे थांबायला आयतं कारण असायचं. दमलेलं मूल शिकत नाही, नुसतं पडतं, आणि शेवटची आठवण पडण्याची राहिली की दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं. जमत असतानाच थांबलं की रात्री झोपेत उरलेलं आपोआप मुरतं. मला हे कोडमध्येही दिसतं: संध्याकाळी न सुटलेलं कोडं सकाळी सायकलवर, चौथ्या-पाचव्या किलोमीटरला, सुटतं.

धरायचं कुठे? हँडलला हात लावू नका. तुम्ही हँडल सावरलं की मुलाच्या हातांना झोक कळतच नाही. सीट धरून मागे धावण्याची रीत जुनी आहे, पण त्यात सायकल तुम्ही उभी ठेवता, शिवाय दुसऱ्या दिवशी तुमची कंबर कामातून जाते. धरायचंच असेल तर मुलाला काखेखाली हलकं धरा, म्हणजे सायकल मोकळी राहते. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी फर्मान निघालं, “आई, तू धरू नको. तू फक्त बघ.”

पहिले दोन दिवस ती सीटवर बसून नुसती चालली. कंटाळवाणं दिसतं, चालू द्या. मग पावलं लांब होतात, मग ढांगा, मग दोन ढांगांच्या मध्ये पाय जरा वेळ हवेत राहतात. तिथे सूचना द्यायचा मोह होतो. मी एका दमात “समोर बघ, कोपर सैल, ब्रेकवर बोटं, पाय वर” असं सांगितलं आणि तिने चारही गोष्टी सोडून माझ्याकडे बघितलं. परिणाम: कुंडी. त्यानंतर एका फेरीला एकच सूचना असा नियम केला. त्यात सगळ्यात उपयोगी पडली ती “दादाकडे बघ” ही. थोरल्याला मी उताराच्या टोकाला उभा केला होता. नजर जिथे जाते तिथे सायकल जाते, आणि पुढच्या चाकाकडे बघणारं मूल चाकासकट खाली येतं.

पाय वर राहण्याचे आकडे मोजायचं कामही थोरल्याकडे. एक, दोन, पडली. एक, दोन, तीन. चौथ्या-पाचव्या दिवशी सहापर्यंत गेलं.

गॅजेटांचा हिशेब

माझ्या हँडलवर जीपीएसचा कॉम्प्युटर आहे, छातीला नाडीचा पट्टा, मागे रडारवाला दिवा. तेव्हा लेकीच्या सायकलला काहीच न लावता मी राहीन हे शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागच्या चाकाच्या तुंब्याला माझा वेगाचा सेन्सर अडकवला आणि माझा कॉम्प्युटर तिच्या हँडलवर बसवला. तिला आकडे भारी आवडले. ती उतारभर आकडेच बघत आली. परिणाम: तीच कुंडी. मग तिच्या मनगटाला घड्याळ बांधून नकाशा काढून बघितला. तीस मीटरच्या उतारावर काही मीटरची चूक म्हणजे माग कसला, गुंतवळ! आमच्या भिंतीतून, शेजारच्या छपरावरून गेलेला. सगळं काढलं. तेही वजन गेलं.

एकच उपकरण कामाला आलं, फोनचं स्लो मोशन. सेकंदाला २४० चित्रं घेतली आणि ३० च्या गतीने दाखवली की एक सेकंद आठ सेकंदांचा होतो. फोन जमिनीवर, बुटाला टेकवून, समोरून. लेक माझ्या दिशेने येते, डावीकडे वळते. चित्रात स्पष्ट दिसलं: वळण्याआधी हँडल जरासं उजवीकडे गेलं, सायकल डावीकडे कलली आणि मगच चाक डावीकडे फिरलं. हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. आम्ही ती आठ सेकंदं रात्री जेवताना दहा वेळा बघितली. थोरल्याने विचारलं, त्याचा असा व्हिडिओ आहे का. नव्हता.

व्हिडिओ मुलाला दाखवायचा तो जमलेल्या फेरीचा. पडलेल्या फेरीचा आपण एकट्याने बघायचा आणि कारण शोधायचं. आमच्याकडे दोनदा कारण निघालं ते ब्रेक: ती पाय टेकण्याऐवजी पुढचा ब्रेक करकचून दाबत होती. पुढच्या ब्रेकची केबल मी एक वेढा सैल केली आणि “लाल!” पुन्हा सुरू केलं. शिकून झाल्यावर तो वेढा परत आवळायला विसरायचं नाही.

फोनचं दुसरं काम मात्र वाईट. आठव्या दिवशी माझी ऑन-कॉलची पाळी होती, म्हणजे ऑफिसच्या यंत्रणेत काही बिघडलं तर फोन मला येणार. लेक वर उभी, थोरला खाली, आणि खिशात तो ठरावीक आवाज झाला. मी बघितलं: कुठल्याशा टेस्ट सर्व्हरची डिस्क ९२ टक्के भरली होती. तो सर्व्हर वर्षभर कोणी वापरत नाही. वाचून मान वर केली तेव्हा लेक खालच्या सपाटीवर दोन्ही पाय टेकून उभी होती आणि थोरला बोंबलत होता, “नऊ! आई, नऊपर्यंत गेली!” मी म्हटलं, वा! ती म्हणाली, “तू बघितलंस?” खोटं बोलायला तोंड उघडलं, पण दादा तिथेच होता. परत करून दाखव म्हटलं, तर पुढच्या तीनही फेऱ्या चारच्या वर गेल्या नाहीत. ती पाळी मी आता सकाळच्या अर्ध्या तासासाठी सहकाऱ्याच्या गळ्यात घालते, बदल्यात त्याच्या शुक्रवारच्या संध्याकाळी माझ्याकडे.

पायडलं परत

घाई करू नका. माझी कसोटी अशी होती: सलग पाच फेऱ्यांत दहा आकडे मोजेपर्यंत पाय वर, वाटेत ठेवलेल्या दोन बुटांना वळसा, आणि शेवटी ब्रेकने थांबणं, बूट घासून नव्हे. आम्हाला सतरा दिवस लागले. एखाद्या पोराला चार लागतील, एखाद्याला दीड महिना, त्यात हुशारीचा काही संबंध नाही.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार वेढे हाताच्या बोटांनीच फिरवा. पाना पहिल्यापासून लावला आणि आटे तिरके चढले तर क्रँक, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो दांडा, कायमची बाद. बोटांनी सहज जात नसेल तर एक तर तुम्ही तिरकं धरलंय किंवा डावं-उजवं बदललंय.

सीट एक सेंटिमीटर वर घेतली तरी चालेल, जास्त नको. पहिला धडा सुरुवातीचा: एक पाय जमिनीवर, दुसऱ्या बाजूचं पायडल पुढे आणि वर, घड्याळात दोन वाजतात त्या जागी. तिथून जोरात एक रेटा मारला की सायकलला लगेच वेग येतो. पायडल खाली असताना सुरू करायला गेलं तर रेटायला जागाच उरत नाही, आणि मूल लटपटून म्हणतं मला येत नाही. उताराऐवजी आता सपाट जागा घ्या, कारण उतारावर पायडलं मारायची गरजच पडत नाही आणि पाय आळशी होतात.

लेकीने पहिल्या रेट्यात चार फेरे मारले, पायांकडे बघितलं, थांबली. दुसऱ्यांदा दादाकडे बघत गेली ती थेट त्याच्या पुढे. वळून परत कसं यायचं हे तिला कळेना, तेव्हा उतरली, सायकल हाताने फिरवली आणि आली. ते वळण दोन दिवसांनी जमलं, मोठ्या वर्तुळापासून लहान करत करत.

आठवड्याने पायडलं एकदा पान्याने तपासा, नव्याने बसवलेली जरा सैल होतात. ब्रेकच्या केबलाही नव्या वापराने ताणतात. सीट दर दोन आठवड्यांनी थोडी वर, पण थांबल्यावर चवडे टेकले पाहिजेत इतपतच.

टोपलीची हमी मी पाळली, फक्त तीन आठवडे उशिरा. हँडलवरचं वजन झोक बिघडवतं, म्हणून वळणं पक्की होईपर्यंत टाळत होते. आता ती दोन स्क्रूंवर परत बसली आहे. आत गोळा केलेले दगड असतात. काल काट्यावर घातले, १.९ किलो. जेवढं मी काढलं होतं, बरोबर तेवढंच.